मुका कमठा

महाभारतातलं धनुष्य आधी ऐकू येतं, मग दिसतं. विराटपर्वात शमीवर बांधून ठेवलेली शस्त्रं खाली उतरतात, अर्जुन गांडीवाला दोरी चढवतो, टणत्कार करतो, शंख फुंकतो आणि समोरच्या सैन्यातल्या द्रोणांना तेवढ्यावरून उमगतं की हा दुसरा कुणी असणं शक्य नाही. रथातला राजपुत्र उत्तर मात्र त्या आवाजानं गर्भगळीत होतो. शिवधनुष्य मोडतं तेव्हा वाल्मीकींनी जनकाच्या सभेतले लोक मूर्च्छित पाडले आहेत. विश्वामित्र, जनक आणि राम-लक्ष्मण एवढेच शुद्धीवर. तिकडे होमरचा ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो, आपलं जुनं धनुष्य दोरी चढवून बोटानं छेडतो, दोरी पाकोळीसारखी गाते आणि मगच तो बारा कुऱ्हाडींमधून बाण काढतो. वीरांच्या धनुष्याला आवाज हवाच. शत्रूला धडकी भरवायची असते, स्वपक्षाला धीर द्यायचा असतो.

या नामांकित धनुष्यांच्या शेजारी मला पनवेलच्या रानातला कमठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, ठेवायचा आहे. कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगडाचा कडा, माथेरानच्या पायथ्याची जंगलं या पट्ट्यातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर तीरकमठा पिढ्यान्‌पिढ्या होता. त्याचं काम पोट भरण्याचं होतं. संध्याकाळी चुलीवर काय चढेल हे ज्याच्यावर ठरतं, त्या धनुष्याला गर्जून चालत नाही. ते मुकंच असावं लागतं, आणि मुकं करण्यासाठी जे ज्ञान लागतं ते गर्जना करायला लागणाऱ्या ज्ञानाहून फार अवघड आहे, असं माझं मत आहे.

थोडा हिशेब करून पाहा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. साध्या लाकडी किंवा बांबूच्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला 45 मीटर गेला तरी पुष्कळ. वीस मीटरवरच्या सशाला दोरीचा आवाज सहा शतांश सेकंदात ऐकू येतो. बाण पोहोचायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. मधल्या वेळात ससा जागेवर राहत नाही. म्हणून रानातला धनुर्धर दोन गोष्टी करतो. शक्य तितकं जवळ जातो, कारण दहा मीटरवर ही फट निम्मी होते. आणि दोरीचा आवाज असा बुजवतो की सावजाला तो पानांच्या सळसळीपलीकडचा वाटू नये.

आपल्या पुराणकथांनी शब्दवेधाचं केवढं कौतुक केलं आहे. दशरथ शब्दवेधी होता. पावसाळ्यातल्या रात्री शरयूच्या काठी घागर भरल्याचा बुडबुड आवाज त्याला हत्तीचा वाटला आणि एका तपस्व्याचा मुलगा गेला. कालिदासानंही रघुवंशाच्या नवव्या सर्गात ही मृगया मांडली आहे. या कथेत कान धनुर्धराचे आहेत. रानात नेमकं उलट असतं. तिथे कान सावजाचे असतात आणि आवाज धनुर्धराचा. दशरथाला जे माहीत असण्याची कधी गरज पडली नाही ते कमठा बाळगणाऱ्याला लहानपणीच कळतं: आपलं ऐकलं जात आहे. आणि महाभारतात निषादपुत्र एकलव्य पांडवांच्या नजरेत प्रथम येतो तो कशामुळे, तर भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड त्यानं सात बाणांनी बंद केल्यामुळे. गुरुदक्षिणेच्या अंगठ्यावर आपण इतकं बोललो की हा तपशील बाजूला राहिला. रानातल्या या धनुर्धराची पहिली करामत शांतता प्रस्थापित करण्याची आहे.

आता धनुष्य आवाज का करतं? ओढलेल्या धनुष्यात आपल्या पाठीची आणि खांद्याची शक्ती साठलेली असते. सोडल्यावर तिचा मोठा वाटा बाण घेऊन जातो. चांगल्या लाकडी धनुष्यात हा वाटा साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश असतो. उरलेली शक्ती धनुष्याच्या दोन पात्यांत आणि दोरीत राहते. बाण गेलेला असतो, तिला जायला जागा नसते, मग ती मुठीला हिसका देते, पाती थरथरवते, दोरीला कंप देते. कानावर येतो तो या थरथरीचा अगदी छोटा अंश. पण खबर खरी असते. टणत्कार म्हणजे बाणाला न मिळालेल्या शक्तीची बातमी.

पॉल क्लॉपस्टेग नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं 1940च्या दशकात हे गणित फार सोप्या रीतीनं मांडलं. त्यानं म्हटलं, धनुष्य बाणाबरोबर आणखी एक अदृश्य वजन फेकत असतं असं समजा. पाती आणि दोरी हलवायला लागणारी शक्ती त्या वजनाच्या नावे लिहा. एका धनुष्यापुरतं हे वजन जवळपास कायम असतं, बाण हलका असो की जड. समजा ते 150 ग्रेन आहे. बाण 300 ग्रेनचा घेतला तर शक्तीचे दोन तृतीयांश त्याला मिळतील. 450 ग्रेनचा घेतला तर तीन चतुर्थांश. जड बाण हळू जातो, पण धनुष्यात मागे कमी शक्ती ठेवतो. म्हणून जड बाणावर धनुष्य शांत होतं, हलक्या बाणावर कडाडतं, आणि बाण न लावता दोरी ओढून सोडली तर सगळी शक्ती पात्यांवर उलटून ती तडकूही शकतात. जुने धनुर्धर दर पौंड ओढीमागे दहा ग्रेन वजनाचा बाण घेतात. चाळीस पौंडी धनुष्याला चारशे ग्रेन, म्हणजे साधारण 26 ग्रॅम.

हे कळलं की धनुष्य शांत करण्याचा क्रम आपोआप ठरतो. बाजारात दोरीला लावायचे रबराचे आणि लोकरीचे गोंडे मिळतात, नवशिके आधी तेच बांधतात. माझ्या मते ही चुकीची सुरुवात आहे. गोंडा आवाज गिळतो आणि त्याबरोबर आवाजातली माहितीही गिळतो. धनुष्याची तक्रार ऐकून घेण्यापूर्वीच त्याच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखं होतं. गोंडा सर्वांत शेवटी बांधायचा.

सुरुवात बांबूपासून. कमठ्याला भरीव बांबू लागतो, किमान तीन पावसाळे पाहिलेला. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेला बरा. तेव्हा त्यात पिठूळ अंश कमी असतो आणि भुंगा कमी लागतो. बांबूचे सगळ्यांत चिवट तंतू बाहेरच्या सालीलगत दाटलेले असतात. म्हणून सालीची पाठ लक्ष्याकडे ठेवायची, तिला कोयता लावायचा नाही, आणि तासायचं ते पोटाच्या बाजूनं. दोन्ही पाती एकसारखी वाकेपर्यंत थोडं तासायचं, वाकवून पाहायचं, पुन्हा तासायचं. एक पातं ताठ आणि दुसरं मऊ राहिलं तर सुटताना दोन्ही एका वेळी जागेवर येत नाहीत. एक आधी थांबतं, दुसरं नंतर, आणि मुठीत दोन हिसके बसतात. ज्याला नुसतं कानानं धनुष्य पारखायचं आहे त्यानं हा दुहेरी आवाज ओळखायला शिकावं. तो कितीही लोकर गुंडाळली तरी जात नाही. त्यासाठी कोयत्याकडेच परत जावं लागतं.

या बांबूचीही एक गोष्ट आहे, आणि ती टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. 1927च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात झाली होती. गवताच्या कुळातली ही वनस्पती कायद्यानं झाड ठरली आणि रानात जन्म काढलेल्या माणसाला कमठ्यापुरती एक काठी तोडणं गुन्हा ठरू शकलं. पनवेलला लागून असलेल्या उरण तालुक्यात, चिरनेरला, 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला आणि हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. लाकूडफाट्यावरच्या हक्काचा तो लढा होता. वनहक्क कायद्यानं 2006 साली बांबूला गौण वनोपजात घेतलं. वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला तो 2017 साली. एवढ्या काळात किती हातांची सवय मोडली असेल.

बांबूनंतर दोरी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कामं सांगताना धनुष्यांचे आणि दोऱ्यांचे प्रकार दिले आहेत: ताल, बांबू, लाकूड आणि शिंग यांची धनुष्यं, मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेणू आणि स्नायू यांच्या दोऱ्या. सरकारी कोठाराच्या यादीत रुईची आणि बांबूची दोरी आहे याचा मला फार आनंद वाटतो. भिल्लांच्या कमठ्याला आजही बांबूच्याच चिरफळीची दोरी दिसते. ती फारशी ताणली जात नाही, आणि तिचा आवाज तंतूंच्या पिळलेल्या दोरीपेक्षा कोरडा असतो. तंतूंच्या दोरीचा फायदा वेगळा. तिला पीळ देता येतो, आणि सगळी जुळवाजुळव त्या पिळातच दडलेली आहे.

दोरी चढवल्यावर मुठीपासून दोरीपर्यंत किती अंतर राहतं ते पाहा. लांब, सरळ धनुष्यात ते साधारण सहा-सात इंच असतं. मूठ धनुष्यावर टेकवून अंगठा उभा केला की जवळपास दोरीला लागतो, हे त्याचं जुनं माप. दोरीला तीन-चार पीळ जास्त दिले की ती आखूड होते आणि अंतर वाढतं. सोडले की कमी होतं. अंतर फार कमी असेल तर दोरी मनगटावर फटका मारते, बाण दोरीवर जास्त वेळ राहतो आणि हाताची प्रत्येक चूक सोबत घेऊन जातो. फार जास्त असेल तर धनुष्य ताठरतं, ओढीचं अंतर घटतं, बाणाला जोर कमी मिळतो. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक जागा असते जिथे आवाज अचानक खाली उतरतो. तिथून एक पीळ इकडे किंवा तिकडे केला की तो पुन्हा वर चढतो. प्रत्येक धनुष्याची ही जागा निराळी असते. पुस्तक ती सांगू शकत नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवतात आणि एका जागी तार खुलते. तिथे शोध सर्वांत भरलेल्या आवाजाचा असतो, इथे सर्वांत रिकाम्या आवाजाचा. कान लागतो तो मात्र एकच.

आणि मग बाण. बाण धनुष्याच्या मध्यातून जात नाही, कडेनं जातो, हे मुळात विचित्र आहे. दोरी त्याला मध्याकडे ढकलते आणि वाटेत मूठ उभी असते. तरी तो सरळ जातो कसा? तो वाकतो. सुटल्याबरोबर बाणाची काठी सापासारखी डावी-उजवी लवते आणि मुठीला वळसा घालून पुढे निघते. या कोड्याला धनुर्धराचा विरोधाभास असं नाव आहे, आणि 1930च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान छायाचित्रणानं हे वाकणं प्रत्यक्ष दाखवलं. डोळ्यांना कधीच न दिसणारी ही गोष्ट हातांना मात्र हजारो वर्षं माहीत होती. म्हणून तर रानातला प्रत्येक धनुर्धर काठ्या वाकवून, सारख्या लवणाऱ्या निवडून त्यांचेच बाण करतो. लाकडी काठीचा ताठपणा मोजण्याची आजची रीत साधी आहे: 26 इंचांवर दोन टेकू, मध्ये दोन पौंडांचं वजन, आणि काठी किती लवली ते पाहायचं.

काठी धनुष्याच्या ओढीला जुळली नाही तर ती मुठीला घासून जाते, आणि तो खट्‌ असा आवाज दोरीच्या आवाजात मिसळून कानाला फसवतो. ओळखायचा उपाय जुना आहे. दोन-तीन बाण पिसांचे आणि एक बिनपिसांचा, एकाच नेमानं सोडायचे. पिसं बाणाची चूक हवेत दुरुस्त करतात. बिनपिसांचा बाण चूक जशीच्या तशी लक्ष्यावर लिहून दाखवतो. उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण इतरांच्या डावीकडे गेला तर काठी फार ताठ. उजवीकडे गेला तर फार मऊ. ताठ असेल तर टोकाला वजन वाढवा, म्हणजे ती जास्त लवेल. मऊ असेल तर काठी थोडी आखूड करा. तो खाली रुतला तर दोरीवर बाण लावायची जागा फार वर आहे, ती जराशी उतरवा. खाचही पाहून घ्या: बाण दोरीवर आपणहून अडकून राहावा, पण दोरीला बोटानं टिचकी मारली की सुटावा. खाच घट्ट असली की सुटताना दोरी बाणाला धरून ठेवते आणि त्याचाही एक आवाज असतो. महाभारतातल्या बाणांना कंक आणि गिधाडाची पिसं आहेत. आज कोंबड्याची किंवा टर्कीची पिसं पुरतात. एका बाणाला एकाच पंखाची, सगळी डावी किंवा सगळी उजवी, एवढं मात्र पाळायचं, म्हणजे बाण एका दिशेनं फिरत जातो.

हे सगळं झाल्यावरच लोकर. दोरीच्या दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे छोटे गोंडे. दोरीचा कंप तिथे मोडतो. बाण मुठीवरून ओढताना होणारी खरखर चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यानं जाते. धनुष्य नीट जुळलेलं असेल तर गोंड्यांनी फरक थोडाच पडतो. आणि तो थोडाच पडला तर समजावं, आधीचं काम बरोबर झालं.

राहतो हात. उजव्या हाताची बोटं दोरी सोडत नाहीत, ती फक्त धरणं थांबवतात. सोडण्याचा प्रयत्न केला की दोरी बाजूला ओढली जाते आणि तीही कुरकुरते. डावा हात बाण लक्ष्याला लागेपर्यंत तिथेच राहायला हवा. मी पनवेलबाहेर एका शेताच्या बांधाशी पेंढ्याच्या गंजीवर सराव करतो, आणि माझ्या अनुभवात थकलेल्या संध्याकाळी धनुष्य जास्त बोलतं. धनुष्य तेच, दोरी तीच, बाण तेच. जुळणीतला एक भाग माणूस आहे, आणि त्याला पीळ देऊन ठेवता येत नाही. मुंडकोपनिषदात प्रणवाला धनुष्य, आत्म्याला बाण आणि ब्रह्माला लक्ष्य म्हटलं आहे आणि वेध घेणाऱ्याकडून अप्रमाद मागितला आहे, बेसावध न राहणं मागितलं आहे. बळ मागितलेलं नाही. हे ज्यानं सांगितलं त्यानं कधीतरी दोरी ओढली असावी असं मला नेहमी वाटतं.

जपानी धनुर्विद्येत, क्यूदोमध्ये, उलटी वाट आहे. तिथलं धनुष्य दोन मीटरहून उंच, मूठ मध्याच्या खाली, आणि सुटलेल्या दोरीच्या स्वराला ‘त्सुरुने’ असं स्वतंत्र नाव. गुरू तो स्वर ऐकून बाण कसा सुटला ते ओळखतात. वरवर पाहता हे आपल्या कातकऱ्याच्या उलट आहे. तरी दोघांचा पाया मला एकच दिसतो: दोघेही आवाज ही चाचणी मानतात. जपानी साधकानं चाचणी कायम ठेवली, कारण त्याच्या समोर लक्ष्य म्हणून कागद आहे. रानातल्या माणसानं ती उत्तीर्ण होऊन मागे टाकली, कारण त्याच्या समोर कान टवकारलेलं जनावर होतं. आपल्या महाकाव्यांतल्या टणत्काराला यातलं कोणतंच स्थान नाही. तो जाहिरात आहे. भव्य, देखणी, पण जाहिरात.

रानात आज जनावर किंवा पाखरू मारणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. कर्नाळा 1968पासून अभयारण्य आहे. त्याच्या अंगावरूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो, आणि पाखरांना दोरीच्या आवाजाची नव्हे तर ट्रकच्या हॉर्नची भीती आहे. धनुर्विद्या मात्र मेलेली नाही. राजस्थानच्या आदिवासी पाड्यातून बांबूचं धनुष्य घेऊन आलेला लिंबाराम देशासाठी ऑलिंपिकपर्यंत गेला. 2023 साली बर्लिनमध्ये साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघेही कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. त्यांचं धनुष्य चाकांचं, नेमाला भिंग, सुटीला खटका. त्यात कंप मारायला वजनाच्या काठ्या आणि रबरी तुकडे आधीच बसवलेले असतात. ती विद्याही खरी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण ती कारखान्यातून जुळून येते. बांबूच्या काठीतून हाताकानानं शांतता काढण्याची विद्या वेगळी आहे आणि तिचे जाणते आता दसरा-दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कुटुंबासकट जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. काथ करणारे म्हणून कातकरी हे नाव पडलं. काथ गेला, कमठाही चालला. सरकारनं त्यांना अति असुरक्षित आदिवासी गटांत धरलं आहे. त्यांना लागणाऱ्या गोष्टींत जमीन, जातीचा दाखला आणि शाळा आधी येतात, धनुष्य फार नंतर. हे मला मान्य आहे. तरी नंतर म्हणजे कधीच नाही असं होऊ नये.

म्हणून रायगड जिल्ह्यातल्या वाचकांना एक विनंती. एखाद्या वाडीवर आढ्याला अडकवलेला जुना कमठा दिसला तर तो शोभेसाठी विकत मागू नका. ज्यानं केला त्या बाबांना, मामांना दुसरा करून दाखवायला सांगा आणि त्या दिवसांची मजुरी भट्टीच्या रोजापेक्षा जास्त द्या. बांबू कुठल्या महिन्यात तोडला, कोणत्या बाजूनं तासला, दोरी कशाची, तिला पीळ किती, बाणाची काठी कोणत्या झुडपाची, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. जमलं तर पेंढ्यावर बाण सोडतानाचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आणि ती नोंद त्यांच्या मुलांच्या शाळेत, त्यांच्या नावानिशी, ठेवा.